माझ्या दोन विहिरी

"सर, माझ्या दोन विहिरी कुठं गेल्या?"

धर्माळे सर स्टुलावर चढून पोस्टरच्या वरच्या कोपऱ्याला टाचणी टोचत होते. आणखी टाचण्या ओठांत धरलेल्या, त्यामुळे त्यांनी नुसतं 'हं हं' केलं आणि मान डोलावली. चेहऱ्यावर कौतुक तर असं, की घरचं लग्न आहे आणि हे मांडवाचं तोरण बांधतायत.

मी पुन्हा आलेखाकडे पाहिलं. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, घाईत नजर फिरली असेल. बोट ठेवून एकेक ठिपका बघत गेले. नाहीत. दोन्ही नाहीत. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, आजूबाजूच्या टेबलांवर पोरं आपापली मॉडेलं पुसत होती, आणि परीक्षक पहिल्या रांगेत येऊन पोचल्या होत्या.

विद्यापीठाचं संमेलन होतं ते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या संशोधनाचं. कुणी बँकेच्या खातेदारांचा सर्व्हे केला होता, कुणी गोगलगायींवर काम केलं होतं, कुणी आपल्या गावातल्या बोलीचे शब्द गोळा केले होते. यंदा पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून परीक्षक आल्या होत्या आणि सगळ्यांतून एकाला उन्हाळाभर तिथल्या प्रयोगशाळेत काम करायला नेणार होत्या. एकाला! घरी बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तुझा नंबर लागला तर मी एम.एस्सी.ला नाही म्हणणार नाही, नाही लागला तर गुपचूप बी.एड.चा अर्ज भरायचा. बाबा शब्दाचे पक्के. दोन्ही बाजूंनी पक्के, हीच तर अडचण.

आमच्या भागाला खारपाण पट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, कापूस झकास, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आम्हाला शिकवलं होतं की नदीच्या जितकं जवळ जावं तितका खार वाढत जातो. ते ताडून बघायला म्हणून मी सायकलवर बाटल्या बांधून नदीकाठची सगळी गावं पालथी घातली होती. विहिरींनीही तेच सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळ्यांनी. नदीला अगदी खेटून असलेल्या दोन विहिरी, एक आमच्या वडगव्हाणची धोंडाईची आणि दुसरी शेजारच्या शिवारातली मठाची, या दोघींचं पाणी चक्क गोड. बाकीचे ठिपके शहाण्या मुलांसारखे रेषा धरून वर चढत जायचे आणि हे दोघं खाली कोपऱ्यात फुगून बसलेले.

मला विचाराल तर माझा अख्खा प्रकल्प म्हणजे ते दोन ठिपके होते. बाकीचं सगळं आधीच ठाऊक असलेलं. नवीन काय होतं, तर एवढंच.

सर स्टुलावरून खाली उतरले. तोंडातल्या टाचण्या खिशात टाकल्या, दोन पावलं मागं जाऊन त्यांनी पोस्टर डोळे भरून पाहिलं. त्या दिवसासाठी मुद्दाम नवे बूट घेतले होते त्यांनी. करकर वाजायचे.

"कसं दिसते?" त्यांनी विचारलं.

"सर, धोंडाईची विहीर नाही यात. मठाची पण नाही."

"काढल्या नं त्या! अकोल्याला त्या कॉम्प्युटरवाल्या पोराजवळ बसून काढून घेतल्या. साऱ्या ग्राफचा सत्यानाश करत होत्या. आता बघ, कशी रेघ आली. सुतारानं रंधा मारल्यासारखी."

"पण सर, तेच तर दाखवायचं होतं मला!"

"काय दाखवायचं होतं?"

"ते दोन ठिपके."

सर हसले. लहान पोर चंद्र मागतं तेव्हा घरचे हसतात तसे. "छाया, चुका मिरवायच्या नसतात बाई."

आता आमच्या कॉलेजातली रीत सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा माणूस लबाड होता. लबाड मुळीच नव्हता. आमच्याकडे प्रॅक्टिकलला उत्तर आधी असायचं आणि मोजमाप नंतर. ब्युरेटमधून थेंब पडायच्या आधीच मागच्या वर्षीच्या मुलीच्या जर्नलमधून उत्तर घ्यायचं, त्यावरून उलटं गणित करायचं आणि रीडिंग लिहून टाकायची. तीही अगदी तंतोतंत लिहायची नाहीत, थोडी मागंपुढं करायची, नाहीतर बाहेरच्या परीक्षकाला संशय येतो. ज्याला ही उलटी आकडेमोड सफाईनं जमायची तो हुशार. जो बिचारा खरोखर मोजायला जायचा, त्याचं उत्तर हटकून चुकायचं, कारण ॲसिड जुनं, तराजूचे काटे गंजलेले. मग त्याला पुन्हा करायला लावायचे आणि वर "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून झापायचे. सगळी पोरं अशीच शिकली. सरही असेच शिकले असणार. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही.

आणि हेच सर माझ्यासाठी प्राचार्यांशी भांडले होते. पाण्यातला क्षार मोजायचं मीटर कॉलेजात होतं, पण प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात बंद. प्राचार्य म्हणायचे, वापरलं तर बिघडेल. सर म्हणाले, नाही वापरलं तर काय त्याला पिलं होणार आहेत? शेवटी सरांनी स्वतःच्या जबाबदारीवर ते सोडवून आणलं आणि वर्गात सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलं. "आपल्या कॉलेजातून पुण्याला जाणारी पहिली पोरगी ही!" म्हणाले होते. माझी नोंदवही घेऊन पोस्टर छापायला दोन वेळा अकोल्याला गेले ते, आणि मला म्हणाले, तू अभ्यास कर, तू कशाला धावपळ करतेस. म्हणून तर ते पोस्टर मला थेट हॉलमध्येच दिसलं.

मी पिशवीतून काळं स्केचपेन काढलं. "सर, मी हातानं काढते. दोन ठिपके तर काढायचे आहेत. एक मिनिट नाही लागणार."

सरांनी माझा हात वरच्यावर धरला. "खबरदार! एवढं सुंदर छापून आणलं अन् त्यावर पेनानं गिरगोट्या करतेस? नव्या लुगड्यावर कोणी शाई शिंपडतं का?"

"सर, मी तीन-तीनदा मोजलं हो. वेगवेगळ्या दिवशी. दर वेळी मीटर धुऊन."

"तीनदा चुकलं मग."

"अहो, गाव पितं ते पाणी!"

"लोकं पितात म्हणून पाणी गोड होत नाही, छाया. लोकं काय काय पितात."

अस्सा राग आला म्हणता! पण परीक्षक आता दुसऱ्या रांगेत शिरल्या होत्या. मी आवाज खाली आणला आणि घाईघाईनं सांगायला लागले. दोन्ही विहिरी खणताना निघालेला ढीग अजून काठावर आहे, त्यात जाड रेती आहे, बाकी कुठंच अशी रेती नाही, दोन्हींच्या मधून जमिनीचा एक सखल पट्टा जातो, म्हणजे पूर्वी कधीतरी तिथून नाला वाहत असेल, तो बुजला असेल, आणि पावसाचं पाणी अजून त्याच वाटेनं आतून झिरपत असेल.

सरांनी ऐकून घेतलं. खरंच घेतलं. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

"हे सारं सिद्ध करता येईल तुला?"

"आत्ता नाही. म्हणून तर पुण्याला जायचंय."

"मग? त्या मॅडम परदेशात शिकून आल्या. त्यांनी विचारलं, पुस्तकात असं अन् तुमच्या ग्राफमध्ये तसं कसं, तर काय सांगशील? नाला होता असेल-नसेल? त्या हसतील बाई. सारा हॉल हसेल. माझ्या विद्यार्थिनीला कोणी हसलेलं मला चालणार नाही."

आता यावर काय बोलायचं! माणूस वाईटपणानं वागला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. मायेनं गळा धरला तर ओरडायचं कुणाच्या नावानं? मी स्केचपेन हातात घेऊन तशीच उभी राहिले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा मुलगा घाईनं सरळ झाला आणि त्यानं आपल्या मॉडेलवरचं फडकं काढलं. परीक्षक आमच्या रांगेत आल्या होत्या.

खानोलकर मॅडम दिसायला अगदी साध्या. सुती साडी, तिच्याखाली चक्क कॅनव्हासचे बूट, आणि ऐकताना मान एका बाजूला कलती करायची सवय. शेजारच्या मुलाकडं उन्हावर पापड-भाज्या वाळवायची काचेची पेटी होती. त्यानं पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हटलं, मॅडमनी दोन प्रश्न विचारले, त्यानं उत्तरं दिली. मग त्या माझ्यापुढं आल्या.

"नाव काय तुमचं?"

"छाया बोदडे."

"सांगा छाया, काय केलंत?"

मी सांगितलं. गावं, विहिरी, मीटर, नदीपासूनचं अंतर. मॅडम ऐकता ऐकता पोस्टरच्या जवळ गेल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ आलेखाला टेकवून बघायला लागल्या. बराच वेळ बघितलं त्यांनी.

"विहिरी फार आज्ञाधारक आहेत हो तुमच्याकडच्या," त्या म्हणाल्या.

"थँक्यू मॅडम!" सर माझ्या मागून म्हणाले.

सरांना ते कौतुक वाटलं होतं. माझी कानशिलं तापली. धरणीनं पोटात घ्यावं तर हॉलला नेमकी चकचकीत फरशी.

मॅडम वळल्या. "एकही विहीर रेषा सोडून गेली नाही?"

साधा प्रश्न होता. 'नाही' म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. कदाचित त्यांनी पुढं विचारलंच नसतं, कदाचित पुण्याचं तिकीटही हातात आलं असतं. पण मग पुण्याला जाऊन करायचं तरी काय होतं मला? मी ज्याच्यासाठी जाणार होते, तेच नाही म्हणून?

"गेल्या, मॅडम," मी म्हणाले. "दोन गेल्या."

"कुठल्या?"

मी पुढं झाले आणि पोस्टरवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "एक इथं. आणि एक इथं."

मॅडमची कललेली मान सरळ झाली. "नदीच्या एवढ्या जवळ? आणि खार इतका कमी?"

"गोड आहे मॅडम पाणी. पिण्याचं."

"तिथली माती बघितलीत?"

"रेती आहे! जाड रेती. बाकी कुठंच नाही, फक्त या दोन ठिकाणी. आणि मधून सखल पट्टा जातो."

"दोन्ही विहिरींना जोडणारा?"

"हो!"

"अरे वा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की काय सांगू. इतका वेळ त्या परीक्षक होत्या, आता एकदम मैत्रिणीसारख्या झाल्या. "मग हीच तर गोष्ट आहे! बाकीचं कशाला सांगत बसलात? पावसाळ्यानंतर पुन्हा मोजलंत का? बरं, ते नंतर बघू." एवढं बोलून त्या पुन्हा पोस्टरकडं वळल्या, माझं बोट होतं त्या कोऱ्या जागेकडं पाहिलं आणि थांबल्या. "पण मग हे ठिपके इथं का नाहीत?"

सर बोलतील असं मला वाटलं. दुसरं काय वाटणार? एवढं एकच वाक्य बोलायचं होतं त्यांना, 'मॅडम, मी काढले.' बस्स! मागं नवे बूट एकदा करकरले. मला बरं वाटलं, आले, पुढं आले सर.

"ते असं झालं मॅडम," सर म्हणाले, "हिच्या हातून तेवढी दोन रीडिंग चुकली होती. लहान आहे अजून. म्हणून मग म्हटलं..."

"चुकली नव्हती!"

इतक्या जोरात ओरडले मी, की पेटीवाला मुलगा दचकला. आजूबाजूची तोंडं आमच्याकडं वळली. सरांचा चेहरा पांढराफटक.

मॅडमनी सरांना शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वतः पुन्हा मोजून बघितलं का सर?"

"मोजायची तशी गरज नव्हती मॅडम. रेषेवरून कळतंच नं."

मॅडम माझ्याकडं वळल्या तेव्हा आवाज इतका मऊ होता की त्याचीच भीती वाटली.

"छाया, दोन ठिपके काढले, हे तू सांगितलंस म्हणून मला कळलं. उरलेल्यांतले किती सरकवले, ते मला कोण सांगणार?"

"एकही नाही मॅडम, ते सगळे मी..." म्हणत मी आलेखाकडं पाहिलं. आणि तेव्हा पहिल्यांदा मला नीट दिसलं. इतका वेळ मी नसलेले ठिपके शोधत बसले होते, असलेल्यांकडं बघितलंच नव्हतं. माझ्या मोजणीत वडाळी गावच्या दोन विहिरी रेषेच्या बऱ्याच वर होत्या, त्या खाली आल्या होत्या. नव्या वस्तीवरची खाली होती, ती वर चढली होती. सगळेच्या सगळे ठिपके थोडे थोडे, हळूच, रेषेपाशी आणून बसवले होते. सरांनी त्या कॉम्प्युटरवाल्याजवळ बसून एकेक करून केलं होतं ते. दोन वेळा अकोल्याला गेले होते ना!

"मूळ नोंदी आहेत का तुझ्याकडं? कच्च्या?"

मी सरांकडं पाहिलं. सरांनी खिसे चाचपले, पिशवीत हात घातला, मग बाहेर काढला.

"त्या... अकोल्यालाच राहिल्या वाटते. त्या पोराजवळ."

जिवाचं रान करून मोजलेलं सगळं कुठल्याशा दुकानात कॉम्प्युटरशेजारी पडलेलं, आणि इथं मी, मोठ्या अक्षरांत माझं नाव छापलेल्या खोट्या चित्रासमोर उभी. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय. पण हे मी पुढं पाठवू शकत नाही, छाया." माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्या पुढच्या टेबलाकडं गेल्या. तिथं गोगलगायी होत्या.

पुण्याला पापडाची पेटी गेली.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर सरांनी कचोरी आणली. पुडा माझ्यापुढं धरला. मी घेतला नाही, तर तसाच धरून उभे राहिले. पोस्टरची गुंडाळी त्यांच्या काखेत होती.

"खाऊन घे. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

मी तोंड फिरवलं.

"होते असं. पुढच्या वर्षी बघ आपण कशी..."

"पुढच्या वर्षी मी कुठं असणार, सर? शेवटच्या वर्षाला आहे मी!"

"हाव की," सर म्हणाले. खरोखर त्यांच्या लक्षात नव्हतं.

मग मात्र माझा ताबा सुटला. स्टँडवर माणसं होती, कुणी ओळखीचंही असेल, पण मला कशाची पर्वा राहिली नव्हती. "त्या बाईंनी मला आकडे बनवणारी समजलं, सर! चोर ठरवलं तुम्ही मला. मी चोरी केली असती तर निदान काही वाटलं नसतं. इतकं उन्हातान्हात फिरले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, कुणाची कुत्री अंगावर आली, आणि तुम्ही खुर्चीत बसून सगळं पुसून टाकलं. विचारायचं तरी होतं मला! एकदा, एकदा तरी!"

"तुझ्या भल्यासाठीच केलं नं मी."

"भल्यासाठी केलं म्हणूनच तर मला काही बोलता येत नाही!"

बोलता येत नाही म्हणत मी चांगली पाच-दहा मिनिटं बोलले. सर ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "तू गप राहिली असतीस तर झालं असतं काम." मी पाठ फिरवून एस.टी.त जाऊन बसले. ते दोन सीट मागं बसले. अख्ख्या वाटेत आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

घरी पोचले तर माय दारातच उभी. "काऊन वं, तोंड काऊन उतरलं? नाई लागला काय नंबर?"

"नाही."

"मंग कोनाचा लागला?"

"एका पोट्ट्याचा. उन्हात पापड वाळवायची पेटी केली त्यानं."

मायनं कपाळाला हात लावला. "पापड वाळवाले पेटी कायले लागते वं? आंगनात वाळतेत नं!"

त्या मरणाच्या वैतागात मला हसू फुटलं आणि हसता हसता मी रडायला लागले. मायला काही समजेना, ती नुसती पाठीवरून हात फिरवत बसली. बाबांनी काही विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "बी.एड.चे फॉर्म निघाले म्हणतात." शब्दाचे पक्के, सांगितलं ना.

मी बी.एड. केलं. आज वीस-बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते, आणि वाईट शिकवत नाही. पण हे सांगायला बसले ते त्यासाठी नाही. त्या हॉलमधली गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. दुसऱ्या दिवशीची कुणालाच सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या दारात लुना फटफटत येऊन थांबली. सर! डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला, चेहरा लालबुंद, नवे बूट धुळीनं माखलेले. त्या उन्हात आमच्याकडं माणूस बाहेर पडत नाही. मायनं पाणी आणायला आत धाव घेतली तर सरांनी हातानं थांबवलं.

"नको. छाया, कुठं आहे ती विहीर?"

"कोणती?" मी मुद्दाम विचारलं. राग काही ओसरला नव्हता.

"धोंडाईची."

मी दोर-बादली घेतली, एक गडवा घेतला आणि चालू लागले. सर मागं. विहीर गावाबाहेर, शंभर पावलांवर नदी दिसते. काठावर तो जुना ढीग होता. सर त्याच्याजवळ वाकले, मूठभर रेती उचलली, हातावर खेळवली, पुन्हा टाकून दिली. मग नदीकडं पाहिलं, विहिरीत डोकावले, पुन्हा नदीकडं पाहिलं.

मी बादली सोडली, ओढली, गडवा भरून त्यांच्या हातात दिला. सरांनी डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि घटाघटा प्यायले. सगळा रिकामा केला. तोंड पुसलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, डोळ्याची पापणी न हलवता.

"कसं आहे?"

सरांनी रिकाम्या गडव्यात पाहिलं. "उन्हातून आलो नं," ते म्हणाले. "तहान लागली की कोणतंही पाणी गोडच लागते."

असं वाटलं की ती बादली उचलून त्यांच्या डोक्यावर ओतावी! आता आणखी काय करायचं होतं मी? विहीर दाखवली, रेती दाखवली, पाणी घशाखाली उतरवलं, तरी हा माणूस आपल्या जिभेलाही खोटं पाडायला तयार. पण मी गडवा त्यांच्या हातातून ओढून घेतला, पुन्हा भरला, पुन्हा पुढं केला.

"घ्या."

"पुरे झालं."

"घ्या सर. तहान जाईपर्यंत घ्या. मग सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं प्यायले. मी पुन्हा भरला. तोही प्यायले, सावकाश, मधे थांबून थांबून. पुढचा त्यांनी नुसता हातात धरला. पोट भरलेल्या माणसानं पान पुढं सरकवावं तसा गडवा काठावर ठेवला.

"आता नाही राहिली तहान," ते म्हणाले.

"मग आता घोटभर घ्या."

सर काठावर बसले. गडवा उचलला, एक लहानसा घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. गिळायला फार वेळ लागला त्यांना. गिळल्यावरही मान वर केली नाही. हातातल्या पाण्याकडं बघत बसून राहिले, आणि मग मी तीन वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "गोड आहे, छाया."

मी दोर गुंडाळायला घेतला.

"हे काल पाहिजे होतं, सर."